दगडाचे मूळ गाव

दगड म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काळा पाषाण उभा राहतो. देवळाचा गाभारा, नदीचा घाट, वाड्याचे जोते, गडाचा बुरूज, घरातले जाते आणि पाटा-वरवंटा, सारे त्याच एका पाषाणाचे. दगडाला दुसरा रंग असू शकतो हे आपल्याला पुष्कळदा प्रवासात कळते. नोकरीच्या निमित्ताने दिल्लीस येऊन राहणाऱ्याला तर ते पहिल्याच आठवड्यात कळते. रायसीना टेकडीवरील सचिवालयाच्या इमारती ढोलपूरच्या तांबड्या व फिकट वालुकाश्माच्या. शहराच्या मधून गेलेली रिजची टेकडी क्वार्ट्झाइटची, म्हणजे दाबाने व उष्णतेने घट्ट झालेल्या वाळूची. दोन्हींचे मूळ वाळू, आणि वाळू म्हणजे मुख्यतः सिलिका. दिल्लीत राहणे म्हणजे एका अर्थी सिलिकेच्या राज्यात राहणे होय.

माझा पदवीचा विषय भूशास्त्र. पुढे स्पर्धा परीक्षेच्या वाटेने केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात लिपिकाची जागा मिळाली आणि हातोडी जाऊन हाती टाचणी आली. त्या शास्त्रातील बहुतेक प्रकरणे आता विस्मरणात गेली आहेत. परंतु एक प्रकरण मात्र मनातून जात नाही, ते अल्कली-समृद्ध अंतर्भेदी खडकांचे. पृथ्वीच्या पोटातून शिलारस वर यावा, भूपृष्ठाच्या अलीकडेच जुन्या खडकांत घुसून थिजावा, आणि त्यात सोडियम-पोटॅशियम यांचे प्रमाण सिलिकेच्या मानाने फार असावे, असे हे खडक जगात फार थोड्या जागी सापडतात. त्यांच्यावर लिहिले मात्र गेले आहे विपुल. ते सारे लेखन एका प्रश्नाभोवती फिरते : या खडकांचे मूळ गाव कोणते?

हाच प्रश्न माझ्या मेजावर रोज असतो. वाचकांपैकी बहुतेकांना रजाप्रवास सवलतीची ओळख असेलच. सेवापुस्तकात प्रत्येकाने आपले 'होम टाऊन' घोषित करावयाचे असते. १९८८ च्या नियमांप्रमाणे ही घोषणा सामान्यतः अंतिम मानतात. असाधारण कारण असेल तर विभागप्रमुख बदल मंजूर करू शकतात, पण तोही साऱ्या सेवाकाळात एकदाच. घोषणा खरी की खोटी हे ताडून पाहण्याचे निकषही ठरलेले आहेत. कौटुंबिक व सामाजिक कर्तव्यांसाठी त्या गावी वेळोवेळी जावे लागते काय? तेथे स्वतःचे वा एकत्र कुटुंबाचे घर आहे काय? जवळचे आप्त तेथे राहतात काय? नोकरीत येण्यापूर्वी काही वर्षे तेथे वास्तव्य होते काय? एक निकष पुरा झाला नाही तरच पुढचा लावावयाचा. माणसाचे मूळ गाव ठरविण्याची ही सरकारी रीत मला कधी हास्यास्पद वाटली नाही. खडकांचे मूळ गाव ठरविताना शास्त्रज्ञांनीही असेच निकष एकामागून एक लावले आहेत, आणि पहिले काही निकष तेथेही अपुरेच पडले.

असा एक खडक दिल्लीपासून फार दूर नाही. अजमेरच्या अलीकडे सुमारे तीस किलोमीटरवर किशनगड लागते. हल्ली ते संगमरवराच्या बाजारपेठेसाठी आणि 'बनी ठनी'च्या लघुचित्रासाठी प्रसिद्ध आहे. भूशास्त्रज्ञ त्याला ओळखतात ते तेथील नेफेलीन सायनाइटमुळे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील व्रेडेनबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची नोंद केली आणि हेरन यांनी १९२४ साली त्यावर सविस्तर लिहिले. नेफेलीन या खनिजाचा एक स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे : क्वार्ट्झशी त्याचे जमत नाही. शिलारसात सिलिका मुबलक असली तर नेफेलीन बनतच नाही. त्याच्या जागी फेल्स्पार तयार होते. म्हणून ज्या खडकात नेफेलीन दिसते, तो खडक सिलिकेच्या बाबतीत उपाशी राहिलेला असतो. चहूकडे सिलिकेची समृद्धी असताना मध्येच हा उपाशी खडक आला कोठून, हेच कोडे आहे.

किशनगडच्या खडकात हॅकमनाइट नावाचे आणखी एक खनिज आढळते. ताजा तुकडा फोडला की आत सुंदर गुलाबी-किरमिजी रंग दिसतो. उन्हात धरताच तो पाहता पाहता विटतो आणि दगड पांढुरका, सामान्य दिसू लागतो. काही काळ अंधारात ठेवल्यावर रंग पुन्हा परततो. दगडाला लाज असती तर ती अशीच असती, असे विद्यार्थीदशेत आम्ही म्हणत असू. पण किशनगडचा खडक अतिशय जुना. अरवलीच्या घडामोडींत तो दाबला-मुरडला गेला आहे, आणि त्याचा जन्मवृत्तांत वाचणे अवघड आहे. तो वृत्तांत स्वच्छ वाचावयाचा तर वयाने लहान व फारसा न दुखावलेला खडक पाहिजे. तसा एक गुजरातेत, नर्मदेच्या उत्तरेस, छोटा उदेपूर जिल्ह्यात आहे. त्याचे नाव ऐकताच मराठी माणसाला दुभाष्याची गरज उरत नाही : आंबाडोंगर.

आंबाडोंगरचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. आपला काळा पाषाण, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, ज्या काळात लाव्ह्याच्या थरांवर थर चढवीत पसरला, त्याच काळातला हा. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर व्यापून बसलेल्या त्या विशाल कुटुंबाचा हा एक छोटा, निराळ्या रंगाचा भाऊबंद आहे. असे भाऊबंद इतरत्रही आहेत; मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर लॅम्प्रोफायरच्या भित्ती आहेत, सौराष्ट्रात गिरनार आहे. परंतु आंबाडोंगरची गोष्ट वेगळी. तेथे वालुकाश्माला घुमटासारखे वर उचलून एक वलय उभे आहे, आणि त्या वलयाचा खडक चक्क कॅल्साइटचा, चुनखडीसारखा आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील प्रा. सुखेश्वाला आणि अणुऊर्जा खात्यातील उदास यांनी १९६३ साली जाहीर केले की ही चुनखडी नव्हे. हा शिलारसातून थिजलेला कार्बोनेटाइट नावाचा अग्निज खडक आहे. पुढल्याच वर्षी, १९६४ च्या डिसेंबरात, आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषदेचे बाविसावे अधिवेशन नवी दिल्लीत भरले. आशियात भरलेले ते पहिलेच अधिवेशन होते. आंबाडोंगरची कथा तेथे जगापुढे मांडली गेली.

ही घोषणा धाडसाची होती, कारण अग्नीतून चुना वाहत येतो यावर जगाचा विश्वास नुकता कोठे बसू लागला होता. अमेरिकेतील डेली यांनी १९१० साली मांडलेली उपपत्ती दीर्घकाळ प्रचारात होती. ती अशी : वर येणारा शिलारस मूळचा साधा बेसाल्टच असतो, वाटेत त्याला चुनखडक भेटतो, तो चुना शिलारसातील सिलिका ओढून घेतो, जड खनिजे तळाशी बसतात आणि वर उरलेला रस अल्कलीने समृद्ध व सिलिकेने दरिद्री होतो. सारांश, या खडकांचे वेगळेपण घरून आणलेले नसून वाटेत पदरी पडलेले असते. याच्या उलट नॉर्वेतील ब्रॉगर यांनी १९२१ मध्ये फेन येथील खडक अभ्यासून सांगितले की येथे कार्बोनेटाचाच शिलारस खालून आला होता. बोवेन यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये त्यास विरोध केला. त्यांच्या मते तेथील चुना मागाहून जुन्या खनिजांच्या जागी येऊन बसला होता. हा वाद जवळजवळ चाळीस वर्षे चालला. १९६० साली वायली आणि टटल यांनी प्रयोगशाळेत दाखवून दिले की पाण्याच्या दाबाखाली कॅल्साइटयुक्त द्रव सुमारे ६५० अंश सेल्सियसलाही टिकून राहतो. त्याच वर्षी पूर्व आफ्रिकेतील ओल्डोइन्यो लेंगाई हा ज्वालामुखी जागा झाला आणि त्याच्या विवरात कार्बोनेटाचा लाव्हा वाहताना दिसला. डॉसन यांनी १९६२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा लाव्हा काळा वाहतो आणि हवेतील ओलाव्याने थोड्याच दिवसांत पांढरा पडतो.

तथापि आफ्रिकेत असे घडते म्हणून आंबाडोंगरलाही तसेच घडले, असे म्हणता येत नाही. आंबाडोंगरच्या परिसरात बाघ थरांतील खरा, समुद्रात साचलेला चुनखडकही आहे. मग वलयाचा चुना त्यातूनच घेतलेला नाही कशावरून? आम्ही विद्यार्थी असताना तेथे सहलीस गेलो, तेव्हा दोन्ही दगडांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून पाहिले. दोन्ही सारखेच फसफसले. ज्या पदार्थाने दगडाचा मोठा भाग बनला आहे, त्यावरून मूळ कळत नाही, हा धडा तेथे मिळाला. मूळ कळते ते दहा लाखांत काही शे वा काही हजार भाग असलेल्या, एरवी कोणी हिशेबात न धरणाऱ्या द्रव्यांवरून. समुद्री चुनखडकात स्ट्रॉन्शियम दहा लाखांत साधारण काही शे भाग असते. कार्बोनेटाइटात ते कित्येक हजारांवर जाते. शिवाय नायोबियम, बेरियम, सेरियम, लँथनम यांची तेथे दाटी असते. एवढे नायोबियम समुद्र कोठून देणार?

ही दाटी का होते, याचे उत्तर फार मनोवेधक आहे. भूकवचाखाली प्रावरण आहे. त्यातील खनिजे मुख्यतः मॅग्नेशियम, लोह व सिलिकॉन यांची. त्यांच्या स्फटिकांत अणूंच्या जागा ठरीव मापाच्या असतात. पोटॅशियम, रुबिडियम, बेरियम यांचे आयन त्या जागांच्या मानाने फार मोठे; नायोबियम, थोरियम यांच्यावर विद्युत्भार फार; विरल मृदा मूलद्रव्यांपैकी लँथनम, सेरियम यांसारखी हलकी असतात तीही त्या घरात नीट मावत नाहीत. त्यांना आपण विजोड मूलद्रव्ये म्हणू. प्रावरण घन असते तोवर ती कशीबशी अंग चोरून राहतात. पण कोठे उष्णता वाढली, वा नर्मदेच्या खोऱ्यासारखी भूकवचाला ताण बसून चीर पडली व दाब कमी झाला, की प्रावरण किंचित वितळू लागते, आणि वितळलेल्या पहिल्या थेंबात प्रथम शिरतात ती ही विजोडे. ढोबळ मानाने, शंभरात दहा-पंधरा भाग वितळले तर विपुल बेसाल्ट तयार होतो आणि विजोडांची गर्दी त्यात विरून जाते. शंभरात एखाद-दुसराच भाग वितळला तर रस अगदी थोडा निघतो, परंतु त्यात विजोडे एकवटलेली असतात. हाच अल्कली-समृद्ध रस होय. खोलवर कार्बन डायऑक्साइडचे साहाय्य मिळाले तर त्यातून कार्बोनेटाइटही जन्मतो. कधी सरळ प्रावरणातून, तर कधी ताकावर लोणी यावे तसा सिलिकेट रसातून वेगळा होऊन. आंबाडोंगरच्या बाबतीत बरेच अभ्यासक या दुसऱ्या वाटेकडे झुकतात.

शेवटचा निकष समस्थानिकांचा. रुबिडियम-८७ चे स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये रूपांतर होत असते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ४९ अब्ज वर्षे आहे, इतके ते मंद. रुबिडियम हे स्ट्रॉन्शियमहूनही विजोड, म्हणून पृथ्वीच्या इतिहासात ते प्रावरण सोडून भूकवचात अधिक जमा झाले. परिणामी भूकवचाच्या खात्यात स्ट्रॉन्शियम-८७ अधिक साठत गेले आणि प्रावरणाच्या खात्यात कमी. स्ट्रॉन्शियम-८७ चे स्ट्रॉन्शियम-८६ शी प्रमाण काढले तर जुन्या भूकवचात ते ०.७१ च्या पुढे जाते, त्या काळच्या समुद्री चुनखडकात ०.७०७ च्या वर असते, आणि आंबाडोंगरच्या कार्बोनेटाइटात ०.७०५ ते ०.७०६ च्या आसपास येते. तिसऱ्या दशांश स्थळावर एका डोंगराचा निवाडा झाला. तो चुना बाघच्या समुद्राचा नव्हे. तो प्रावरणातून आला आहे. वर येताना खोल कवचाचा थोडासा अंश त्याच्या जनक रसात मिसळला असावा, असेही अभ्यासक त्याच आकड्यांवरून सांगतात. वाटेत काही पदरी पडले हे ते नाकारीत नाहीत. किती पडले याचा हिशेब मात्र ते करतात.

हा सारा विषय मी अलीकडे पुन्हा उघडला, त्याला एक खाजगी कारण होते. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावचे घर वडिलांच्या पश्चात विकले गेले. काळ्या पाषाणाच्या जोत्याचे ते घर. भावाभावांत वाटणी झाली, सातबारावरची नावे बदलली. धाकट्या भावाने दूरध्वनीवर सांगितले, "दादा, घर गेलं, पण गाव गेलं नाही. आत्याकडं उतरायचं. मी तिला सांगून ठेवलंय." इकडे गाझियाबादला आम्ही दोन खोल्यांची सदनिका घेतलेली. शाखेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सल्ला दिला की आता घरच नाही, तर ती नोंद बदलून घ्यावी. पुढे कोणी आक्षेप घेण्यापूर्वी आपण होऊन केलेले बरे. सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता आणि दुसरा निकष पाहता चुकीचाही नव्हता. मी अर्जाचा कागद काढलाही. माझ्या मनात शंका वेगळीच होती. निकष मी माझ्यासाठी लावीत होतो. पण गाव माझ्या मुलीचे आहे काय? ती जन्मली इथे, वाढते आहे इथे. तिच्या मराठीत हिंदीचा भाग मोठा आहे. ती "दार लाव" म्हणत नाही, "दरवाजा बंद करून दे" म्हणते. डेलींची उपपत्ती मला माझ्याच घरात खरी होताना दिसत होती : भोवतालच्या खडकाने रस बदलून टाकला होता.

एका रविवारी ती स्वयंपाकघरात येऊन आईला म्हणाली, "आज कोरड्यास काय बनवलं आहे?" 'बनवलं' हे दिल्लीचे. 'केलंय' म्हणावयास हवे होते. परंतु 'कोरड्यास'? हा शब्द गाझियाबादच्या कोणत्याही गल्लीत मिळत नाही. शाळेत मिळत नाही. पुण्या-मुंबईच्या छापील मराठीतही तो आता क्वचितच आढळतो. भाकरीबरोबर जे काही ओले खावयाचे त्याला आमच्या भागात म्हणतात तो शब्द. माझी आई शेवटची तीन वर्षे आमच्याकडे होती. तिच्या तोंडून तो मुलीकडे आला आणि राहिला. सबंध वाक्याचे आम्लाने परीक्षण केले असते तर ते दिल्लीचेच ठरले असते. मूळ त्या एका शब्दात होते. मी अर्जाचा कागद परत खणात ठेवला. पहिल्या व तिसऱ्या निकषावर माझी नोंद नियमाप्रमाणेही टिकते : गावची यात्रा आणि वडिलांचे वर्षश्राद्ध आहे, आणि आत्या आहे.

आपणा परप्रांतस्थ मंडळींना विजोडांची गोष्ट ऐकून थोडे बरे वाटेल. जेथे होतो तेथे मावलो नाही म्हणून आपल्यापैकी पुष्कळजण निघालो. कोणाला जमीन पुरली नाही, कोणाला जिल्ह्यात जागा मिळाली नाही. मला त्याचा फार गौरव करावयाचा नाही. गावी राहिलेल्यांनी जो विस्तीर्ण काळा पाषाण धरून ठेवला आहे, त्याच्यावरच शेत आणि गड उभे आहेत. पण प्रावरणात न मावलेल्या त्याच द्रव्यांच्या शोधात आज सरकारे आहेत, हेही खरे. आंबाडोंगरचे फ्लोरस्पार देशातील मोठ्या साठ्यांपैकी एक. कडीपाणी येथे गुजरात खनिज विकास महामंडळाने त्याचा प्रकल्प उभारला. केंद्र सरकारने २०२३ साली अतिमहत्त्वाच्या ३० खनिजांची यादी जाहीर केली. तीत नायोबियम, स्ट्रॉन्शियम आणि विरल मृदा मूलद्रव्ये ही सारी विजोड मंडळी आहेत. २०२५ च्या जानेवारीत त्यासाठी राष्ट्रीय अभियानही मंजूर झाले.

एक गोष्ट मात्र त्या वादात पूर्वी माझ्या नीट लक्षात आली नव्हती. येणारा रस भोवतालामुळे किती बदलला, एवढेच आपण विचारतो. आंबाडोंगरला भोवतालही बदलला आहे. वलयाच्या कडेचा वालुकाश्म पाहिला तर त्यातील क्वार्ट्झ कमी होत गेलेले आणि त्याच्या जागी अल्कली फेल्स्पार आलेले दिसते. शिलारसातून निघालेल्या अल्कलीयुक्त द्रवांनी शेजारच्या वाळूच्या खडकाला आतून नवे रूप दिले. ब्रॉगर यांनी फेन या गावावरून अशा खडकाला फेनाइट हे नाव दिले. आमच्या मजल्यावरील शेजारची मुले माझ्या मुलीबरोबर खेळताना हल्ली 'आई गं' म्हणून कळवळतात. त्यांच्या आईला त्याचा अर्थ मला एकदा समजावून सांगावा लागला.

चार वर्षांच्या चालू गटातील भारतात कोठेही जाण्याची सवलत अद्याप शिल्लक आहे. मुलीला डिसेंबरात बडोद्यावरून छोटा उदेपूरला आणि तेथून कवांटच्या बाजूला न्यावे असे ठरविले आहे. सौम्य आम्लाची एक लहान कुपी आणि भिंग बरोबर घ्यावयाचे आहे. दोन्ही दगड फसफसताना तिने आधी पाहावेत. नंतर त्या वलयाच्या कडेला उभे राहून वाळूचा दगड कोठे संपतो आणि फेनाइट कोठे सुरू होतो, हे तिचे तिनेच शोधावे.